हरकत नाही

मी तलाठी होतो, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरच्याचा हात आपसूक खिशावर जातो. वास्तविक मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. शिवाय २०२४ साली सरकारने तलाठी हे नावच मोडीत काढून त्या जागी ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं घसघशीत नाव दिलं. माझ्या आजोबांच्या काळी, बीड जिल्हा निजामाच्या मुलखात होता तेव्हा, याच प्राण्याला पटवारी म्हणत. पटवाऱ्याचा तलाठी झाला, तलाठ्याचा अधिकारी झाला. लोकांचा हात मात्र अजून खिशावरच आहे.

अशा माणसाच्या पोटी आलेला मुलगा मोठा होऊन काय करील? आमचे धाकटे चिरंजीव पुण्याला राहून अशा एका वहीवर काम करतात, की जिच्यात कुठल्याही तलाठ्याला खाडाखोड करता येत नाही. त्या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. जगात एवढे धंदे पडलेले असताना त्याने नेमका हाच का निवडला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

२०२५ च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात हे चिरंजीव बीडला आले. आले म्हणजे काय, तर त्यांचा लॅपटॉप आला आणि त्याच्या मागोमाग तेही आले. आमच्या हिने ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी असा बेत केला, तर तो जेवताना एका हाताने भाकरी मोडत होता आणि दुसऱ्या हाताने मोबाईल. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो तर माडीवर दिवा. दुसऱ्या रात्रीही तेच. तरुण मुलगा रात्री दोनला जागा दिसला की आईला दोनच कारणं सुचतात: पोट बिघडलंय किंवा प्रेमात पडलाय. हिने आधी ओवा देऊन पाहिला. ओव्याने गुण येईना तेव्हा माझ्याकडे आली.

“काय करायलाय हा एवढ्या रात्री? जरा विचारा, मुलगी कुठली आहे ते.”

मी माडीवर गेलो आणि विचारलं.

“मुलगी नाही हो आण्णा, ब्लॉक आहे,” तो म्हणाला. “पूर्वी तीन सेकंदांचा होता. एप्रिलमध्ये दीड सेकंदाचा केला. आता तीस तारखेला पाऊण सेकंदाचा होणार.”

“मग बिघडलं काय? लवकर होतंय ते चांगलंच की.”

यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या ओळखीची होती. ‘आप्पा, एक सात-बारा तर द्यायचा, त्याला असा काय वेळ लागतोय?’ असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याकडे मी तीस-पस्तीस वर्षं त्याच नजरेने पाहत आलो होतो.

सकाळी चहा घेताना त्याने मला सगळं समजावून सांगितलं. मुलगा हुशार आहे. बापाला कुठली भाषा कळते हे त्याला ठाऊक आहे.

“आण्णा, तुमची फेरफाराची वही असायची ना? गाव नमुना सहा. कुणी जमीन विकली, कुणी वारला, कुणी बोजा चढवला, की तिच्यात नोंद. समजा तशी एक वही आहे, पण तिच्या हजारो प्रती हजारो लोकांकडे आहेत. ठरावीक वेळाने तिच्यात एक पान वाढतं. त्या पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो, म्हणून मधलं पान फाडलं की पुढची सगळी उघडी पडतात. ते पान म्हणजे ब्लॉक. आणि एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम.”

“म्हणजे पानं भराभर लिहिली जाणार.”

“तेच. २००९ साली बिटकॉइन सुरू झालं तेव्हा दहा मिनिटांना एक पान अशी चाल ठेवली होती, ती अजून तशीच आहे. इथेरियमची २०२२ च्या सप्टेंबरपासून बारा सेकंदांना एक. पॉलिगॉन म्हणून आपल्या मुंबईत २०१७ साली मॅटिक या नावाने निघालेली साखळी आहे, तिचं दोनेक सेकंदांना एक. आमचं ॲप बीएनबी नावाच्या साखळीवर आहे. तिचं पान आता मिनिटाला वीस होतं ते ऐंशी होणार.”

मी मनातल्या मनात आमच्या जिल्ह्याचा ब्लॉक टाइम काढून पाहिला. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ साली. बीडच्या स्टेशनात गाडी आली ती या गप्पांनंतर अडीच महिन्यांनी, १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. नगरचं मधल्या काळात अहिल्यानगर झालं, मंजुरीच्या वर्षी जन्मलेली पोरं बाप झाली, आणि आमच्या वहीत एक पान वाढलं. तीस वर्षांना एक ब्लॉक. अशा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला पाऊण सेकंदाचं दुःख सांगायचं म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाची तक्रार सांगण्यासारखं आहे. पण मुलगा आपला आहे. ऐकून घ्यावं लागतं.

“पण आण्णा, पान लिहिलं म्हणजे पक्कं झालं असं नसतं,” तो म्हणाला. “एकाच वेळी दोघांनी दोन पानं लिहिली तर? दोन्ही प्रती गावोगाव निघतात. काहींना हे पान आधी पोचतं, काहींना ते. पुढे लोक ज्या पानाला जोडून लिहीत जातात ते राहतं आणि दुसरं गळतं. २०२३ च्या फेब्रुवारीत पॉलिगॉनवर अशी एका दमात १५७ पानं फिरली होती. म्हणजे पाचेक मिनिटांची सगळी नोंद मागे गेली आणि पुन्हा लिहिली गेली. तेवढ्यात ज्यांच्या ॲपने ‘झालं’ म्हणून हिरवी खूण दाखवून टाकली असेल, त्यांनी काय करायचं? म्हणून बिटकॉइनवर मोठ्या रकमेला सहा पानं चढेपर्यंत थांबायची रीत आहे. इथेरियमवर बारा सेकंदांना पान होतं, पण पक्केपणाचा शिक्का बसायला तेरा मिनिटांच्या आसपास लागतात.”

इथे आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. ब्लॉकमध्ये तिला रस नव्हता, पण ‘पक्कं’ हा शब्द ती कितीही लांबून ऐकते.

“यात नवीन काय?” ती म्हणाली. “पोरगी पाहिली म्हणजे झालं का? पसंती कळवली म्हणजे झालं का? सुपारी फुटल्यावर मोडलेली दोन लग्नं मी आपल्याच गल्लीत दाखवते. सातवं पाऊल पडेपर्यंत काही खरं नसतं.”

आणि तिचं म्हणणं कायद्याला धरून आहे हो! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लिहूनच ठेवलंय, की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सहाव्या पावलापर्यंत नवरदेवाला अजून आशा आहे. बिटकॉइनवाल्यांनी सहावर भागवलं, आपल्या पूर्वजांनी एक पाऊल जास्त धरलं. माणसाचा स्वभाव त्यांना जास्त माहीत असणार. आता समजा, एखाद्या उतावळ्याने भटजींना सांगितलं की पावलं जरा भराभर पडू द्या. हरकत नाही. पण सातच्या सात पावलं एका उडीत मारली, तर मांडवाच्या मागच्या बाजूला पंगतीत बसलेल्या पाहुण्याला लग्न लागल्याचं कळणार कसं?

“हेच!” चिरंजीव ओरडले. बाप आणि आई एकदमच शहाणे निघण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात पहिलाच असावा. “पान लिहायला पाऊण सेकंद. पण त्याची प्रत लांबच्याकडे पोचायला वेळ लागतोच ना? वेग वाढवायचा तर लिहिणारे मोजके ठेवावे लागतात, त्यांची यंत्रं दणकट लागतात, तारा जाड लागतात. जो लांब आहे, ज्याचं यंत्र हलकं आहे, त्याच्याकडे प्रत पोचेपर्यंत पुढची पानं लिहून मोकळी.”

एकूण मला जे कळलं ते असं. पान लवकर होण्याचा फायदा नाही असं कोण म्हणेल? बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहाचे दहा रुपये मोबाईलवरून दिले की तिथली डबी लगेच खणखणीत आवाजात पैसे मिळाल्याचं जाहीर करते, आणि मग चहावाला आपल्याकडे बघायचंही थांबवतो. त्याला ‘दहा मिनिटं थांब, पान व्हायचंय’ असं सांगून पाहा. तो पातेलं घेऊन मागे लागेल. ॲप वापरणाऱ्याचंही तसंच. बटण दाबून काही हललं नाही की तो पुन्हा दाबतो, आणि एकाच कामाचे दोनदा पैसे गेले की ॲप करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पानं भराभर झाली की हा त्रास वाचतो.

पण ॲप करणाऱ्याच्या मागे दुसरे त्रास लागतात. वीसऐवजी ऐंशी पानं मिनिटाला वाचायची, तर वाचायला ठेवलेल्या यंत्रावरचा भार चौपट. ‘झालं’ कधी म्हणायचं आणि ‘पक्कं झालं’ कधी म्हणायचं, हे नव्याने ठरवायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, पूर्वी कुणी कुणी वेळ घड्याळावर न मोजता पानांवर मोजून ठेवलेला असतो. इथेरियमवर कंपाउंड नावाचा एक कर्जाचा व्यवहार आहे, त्याने सुरुवातीला वर्षाची पानं २१,०२,४०० धरली होती. पंधरा सेकंदांना एक पान असा हिशेब. व्याज पानागणिक. आता पान भराभर व्हायला लागलं तर? सावकाराला आपोआप तेराव्या महिन्याचं व्याज! आमच्याकडच्या एखाद्या सावकाराला ही युक्ती सुचली नाही हे ऋणकोंचं नशीब. त्याने कॅलेंडरची पानंच वर्षात दोनदा उलटली असती.

“तुमच्या ॲपमध्ये काय मोजलंय पानांवर?” मी विचारलं.

“मुदत,” तो म्हणाला. “आमच्या ॲपवर बऱ्याच लोकांचा मिळून एक निधी आहे. त्यातून पैसे काढायचे, नियम बदलायचे, तर आधी ठराव मांडायचा. मग तीन दिवस थांबायचं. तेवढ्यात ज्याला पटत नसेल त्याने विरोध नोंदवायचा, नाहीतर आपले पैसे काढून घ्यायचे. तीन दिवसांनी ठराव आपोआप अमलात. कुणी साहेब नाही, कुणी शिपाई नाही.”

“म्हणजे हरकतीची मुदत.”

“हां, तेच. आता ज्याने हे पहिल्यांदा लिहिलं त्याने तीन दिवस असं लिहिलंच नाही. त्याने लिहिलं ८६,४०० पानं. तीन सेकंदांना एक पान, म्हणजे बरोबर तीन दिवस. एप्रिलमध्ये पान दीड सेकंदाचं झालं तेव्हा आम्ही तो आकडा दुप्पट केला. आता पाऊण सेकंद झाल्यावर पुन्हा दुप्पट करायला हवा. ज्या ॲपवाल्यांनी आकड्याला हातच लावला नसेल, त्यांच्याकडे तीन दिवसांची मुदत अठरा तासांवर येईल. नियम तोच, अक्षरही बदललेलं नाही, आणि मुदत गेली. आणि गंमत म्हणजे हा आकडा बदलायचा तर त्याचाही ठराव मांडावा लागतो, आणि त्या ठरावालाही मुदत असते. म्हणून रात्री जागतोय.”

“ज्याने आधी लिहिलं तो कुठे आहे?”

“तो कंपनी सोडून गेला.”

हे ऐकून मला फार आपलेपणा वाटला. माझ्या सबंध नोकरीत दफ्तरातली प्रत्येक चूक आधीच्या तलाठ्याचीच होती. विज्ञान कितीही पुढे जावो, काही गोष्टी सनातन आहेत.

पण चहाचा कप तसाच हातात राहिला. तीन दिवसांचे अठरा तास. नियम तोच, अक्षर तेच. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. पाहिलं कशाला, केलं होतं.

१९८८ सालची गोष्ट. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझा सज्जा होता. जमीन मुरमाड, पाऊस लहरी. दसरा-दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूपबंद व्हायची. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ट्रकमध्ये भांडी, लेकरं, शेरडं घालून कारखान्यांकडे निघायचं. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत यायची ती उन्हाळ्यात, हंगाम सरल्यावर. बीड जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी खाल्लेल्या साखरेला विचारावं.

त्या गावात एक म्हातारा कार्तिकात वारला. दोन मुलं, एक मुलगी. मुलगी शेजारच्याच गावात दिलेली, आणि नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेलेली. भाऊ माझ्याकडे आले. पंचांना विचारलं, पंच म्हणाले वारस दोघे. मुलींचं नाव घ्यायचंच नाही अशी तेव्हा गावोगाव रीत होती, आणि कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा १९५६ पासून होता हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नाही म्हटलं असं नाही. मी विचारलं नाही, एवढंच. न विचारण्याने दफ्तराचं काम फार सुरळीत चालतं.

तरी नियमाने जे करायचं ते सगळं केलं. फेरफार धरला. चावडीवर नोटीस चिकटवली. कोतवाल तिच्या सासरच्या गावीही जाऊन आला. घराला कुलूप, शेजारच्यांच्या हातात कागद देऊन परतला. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मी शेरा मारला: ‘मुदतीत हरकत आली नाही.’ मंडळाच्या साहेबांनी नोंद प्रमाणित केली. त्या वर्षी तपासणीत आमच्या सज्ज्याचं कौतुक झालं. एकही फेरफार प्रलंबित नाही! साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. ती थाप मला बरेच दिवस ऊबदार वाटत होती.

वैशाखात ती बाई चावडीवर आली. कडेवर पोर, हातावर उसाच्या पानांचे चरे. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या माणसाला उत्तरं देण्याचा आम्हाला सराव असतो. तिने आवाजही चढवला नाही. मी नियम सांगितला, नोटीस सांगितली, पंधरा दिवसांची मुदत सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली,

“आप्पा, पंधरा दिस म्हंजी कुनाचे पंधरा दिस? आमी तं कारखान्यावर व्हतो.”

माझ्याजवळ गाव नमुना एक ते एकवीस होते. या प्रश्नाचा नमुना नव्हता.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण कायम सरकारला हिणवण्यासाठी वापरतो. मी नोकरीत असताना ती रोज निदान एकदा ऐकली. पण त्या बाईच्या बाबतीत सरकारने खरोखरच सहा महिने थांबायला हवं होतं! म्हणीच्या लायकीचं एकच काम माझ्या वाट्याला आलं, आणि तेवढं मी सोळा दिवसांत उरकलं.

तिचा अपिलाचा अर्ज मीच लिहून दिला. तारखांना यायला ती वर्षातून निम्मा वेळ गावातच नसायची. सोळा दिवसांत झालेली नोंद उलटून तिचं नाव लागायला चार वर्षं गेली. पुढे जायला गाडीला घसरण आणि मागे फिरायला चढ, असा हा रस्ता असतो. नाव लागलं त्या दिवशी तिने मला पेढा दिला. तो पेढा गिळताना जेवढा त्रास झाला तेवढा कारल्याच्या रसानेही कधी झाला नाही.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं. त्याला हे माहीत नव्हतं. बापाचा फेरफार मुलापुढे धरायचा म्हणजे हरकत येण्याची भीती असते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला,

“पण आण्णा, सगळ्यांनीच सहा महिने थांबायचं का? एखादी विधवा असेल, तिचं नाव सात-बारावर लागल्याशिवाय पीककर्ज मिळणार नसेल. तिने का थांबायचं?”

प्रश्न रास्त होता. दिरंगाईने मेलेली माणसंही मी पाहिली आहेत, आणि ती काही कमी नाहीत. सावकाश चालणं म्हणजे न्याय आणि भरभर चालणं म्हणजे अन्याय, एवढं सोपं असतं तर आमचं महसूल खातं धर्मराजाच्या पंगतीला बसलं असतं. मी बराच विचार केला. दुसरा चहा झाला.

“सहा महिने थांबायची गरज नव्हती,” मी म्हणालो. “त्या वेळी पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळायचं. तिचा मुकादम गावातलाच होता, टोळी कुठल्या कारखान्यावर आहे हे त्याच्या घरच्यांना माहीत होतं. मी एक कार्ड टाकलं असतं आणि उत्तराची वाट पाहिली असती, तर महिन्याभरात काम झालं असतं. मी पंधरा दिवस मोजले, पंधरा पैसे मोजले नाहीत. मुदत किती, हे पुसायचं नसतं. बातमी पोचली का, हे पुसायचं असतं.”

वेगाची गोष्ट अशीच आहे, असं मला वाटतं. लिहिणारा आपल्या हाताकडे बघून वेग ठरवतो: माझं पान पाऊण सेकंदात होतं, मग झालंच! पण वही लिहिणाऱ्यासाठी नसते. ज्याचं काहीतरी तिच्यात लिहिलं जातंय त्याच्यासाठी ती असते, आणि तो बहुधा लिहिणाऱ्यापासून लांबच असतो. तो उसाच्या फडात असतो, त्याच्या मोबाईलला रेंज नसते, किंवा त्याला त्या दिवशी ताप असतो. वही कुणाला पुसता येत नाही हे फार चांगलं आहे. पण मग चुकीचं लिहिलेलंही पुसता येणार नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे सुमारे ६५ हजार दाखले त्या पॉलिगॉनच्या साखळीवर चढवले, की कुणी बनावट दाखला काढू नये. उत्तम केलं. बनावट दाखल्याने खऱ्या माणसाचं काय होतं हे मी पाहिलंय. पण दाखला जन्मभर पुरायचा असतो; त्याची नोंद दोन सेकंदांत झाली की दोन तासांत, याने काही अडत नाही. अडतं ते दाखला देण्यापूर्वी कुणी नीट विचारलं होतं का, यावर. साखळी ठसा बघते. खरंखोटं विचारायला अजून माणूसच लागतो, आणि माणसाचा ब्लॉक टाइम परमेश्वराने वाढवलेला नाही.

आता फेरफारही संगणकावर होतात. बटण दाबलं की नोंद तयार. तरी हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवलेच आहेत. ते कुणी पानांवर मोजायला लागू नये म्हणजे मिळवली. लिहायची घाई करायला माझी हरकत नाही. हरकतीची घाई करायला मात्र माझी हरकत आहे.

चिरंजीव त्या रात्रीही जागले. पण सकाळी खाली आले ते चेहरा धुऊन, माणसात आल्यासारखे. आकडा दुप्पट करण्याचा ठराव तर मांडलाच होता. त्याला जोडून आणखी एक मांडला, म्हणे. यापुढे मुदत पानांवर मोजायची नाही, घड्याळावर मोजायची. म्हणजे साखळीवाल्यांनी उद्या पानाचा वेळ डोळ्याच्या पापणीएवढा केला तरी तीन दिवस ते तीन दिवस. शिवाय ठराव मांडला की प्रत्येक हिस्सेदाराच्या मोबाईलवर आपणहून निरोप जायचा.

“पंधरा पैशांचं पोस्टकार्ड,” तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. झोपाळ्याला जरा जोरात झोका दिला, एवढंच.

“मग? मंजूर झाला का ठराव?” आमच्या हिने विचारलं. एवढ्या दिवसांच्या जागरणाचा निकाल तिलाही हवा होता.

“अजून नाही. मुदत चालू आहे. परवापर्यंत थांबायचं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “तेवढ्यात केजहून एक स्थळ आलंय, त्यांना उद्या बोलावते. मुलगी शिकलेली आहे, माणसं चांगली आहेत. काही हरकत?”

तो लॅपटॉप उघडत होता. लक्ष सगळं तिकडे. नेहमीच्या सवयीने म्हणाला, “हरकत नाही.”

मी तलाठी माणूस. तोंड उघडलंच होतं, की बाबा, नीट वाच, कशावर सही करतोयस. पण हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटून घेतलं. म्हटलं, असू दे. अजून सहा पावलं शिल्लक आहेत.